बायबल कोणी लिहिलं, दादा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय.

आजचा विषय मी ठरवलेला नाही, तो माझ्या अंगावर आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की आठवडाभर मी हिंजवडीत कोड लिहितो आणि शनिवारी संध्याकाळी एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत आठवी ते दहावीच्या मुलांसोबत इतिहासाच्या गप्पा मारतो. फी नाही, परीक्षा नाही. चौदा-पंधरा मुलं येतात. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही, बीटेक झालेला वाचणारा माणूस आहे. मुलं मला दादा म्हणतात आणि मला ते बरं वाटतं.

तर झालं असं, की रोमन साम्राज्य चालू होतं. सम्राट कॉन्स्टंटाइनपर्यंत आलो आणि एका मुलाने विचारलं, "दादा, बायबल कोणी लिहिलं?" दुसरा लगेच म्हणाला, "येशूने." तिसरी म्हणाली, "नाही रे, पोपने." सगळे हसले. कोपऱ्यातली एक मुलगी मात्र हसली नाही. वर्गात ती एकटी ख्रिस्ती आहे. तिने मान खाली घालून वहीच्या कोपऱ्यात चौकोन काढायला सुरुवात केली. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी नीट बोलू.

रात्री साडेदहाला एका पालकांचा मेसेज आला. "मुलाला इतिहास शिकायला पाठवतो, बायबल शिकायला नाही."

काकांचा प्रश्न

मी फोनच केला. मेसेजवर असल्या गोष्टी वाढतच जातात. काका रागावलेले नव्हते, पण ठाम होते. मी सांगितलं की धर्म शिकवणार नाही, त्या ग्रंथाचा इतिहास सांगणार आहे. कोणी लिहिला, कधी, कशासाठी, त्याची मांडणी कशी आहे, एवढंच. ते जरा थांबले आणि म्हणाले, "आमची कुलदेवता शांतादुर्गा. ती केळशीहून कवळ्याला का आली, तेही सांगणार का?"

ज्यांना हा संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोव्यातली केळशी त्या काळी साष्टी प्रांतात होती, म्हणजे पोर्तुगीजांच्या ताब्यात. कवळे फोंड्याकडे, म्हणजे तेव्हा त्यांच्या ताब्याबाहेर. सोळाव्या शतकात साष्टीतली देवळं पाडली गेली, १५६७ हे त्यातलं सगळ्यात वाईट वर्ष, आणि लोकांनी देव उचलून नदीपलीकडे नेले. मंगेशीचा मंगेशही असाच कुठ्ठाळीहून आलेला.

मी म्हटलं, "हो काका, तेही सांगणार. आणि तुम्ही या. मागच्या बाकावर बसा."

फोन ठेवल्यावर मात्र माझी झोप उडाली. एका बाजूला वहीत चौकोन काढणारी मुलगी, दुसऱ्या बाजूला चारशे वर्षांपूर्वीचं दुखणं अजून बाळगणारं घर, आणि मध्ये चौदा-पंधरा वर्षांची मुलं, ज्यांना नुसतं कुतूहल आहे. यातल्या कोणालाही न दुखावता खोटं न बोलता सांगायचं कसं? तो आठवडा मी त्यातच घालवला.

एक पुस्तक नव्हे, एक कपाट

आधी मांडणी. वर्गात मी फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं "श्रद्धा असलेले काय मानतात", उजवीकडे "इतिहासकारांना काय दिसतं". म्हटलं, आज जे वाक्य बोलू ते कोणत्या बाजूला जातं हे आधी ठरवायचं. ही सवय फक्त बायबलसाठी नाही, कुठल्याही धर्मग्रंथासाठी.

मग पहिली गोष्ट. 'बायबल' हा शब्द ग्रीकमधल्या 'बिब्लिया' वरून आला आणि त्याचा अर्थ 'पुस्तकं' असा आहे. अनेकवचन! तेव्हा "बायबल कोणी लिहिलं" हा प्रश्न "आपलं वाचनालय कोणी लिहिलं" असा विचारल्यासारखा आहे. प्रोटेस्टंट परंपरेत ६६ पुस्तकं, कॅथलिक परंपरेत ७३. नव्या करारात दोघांचीही २७च. फरक आहे तो जुन्या करारात, ३९ की ४६.

ही पुस्तकं शेकडो वर्षांच्या काळात, वेगवेगळ्या माणसांनी, तीन भाषांत लिहिली. जुना करार मुख्यतः हिब्रूत, थोडा भाग अरामीत, नवा करार ग्रीकमध्ये. येशूने स्वतः लिहिलेलं एकही पुस्तक त्यात नाही. हे ऐकून मुलांना धक्काच बसला.

आता या कपाटाचे कप्पे बघा. जुन्या कराराच्या पहिल्या कप्प्यात नियमशास्त्राची पाच पुस्तकं, उत्पत्ति आणि निर्गम त्यातलीच. पुढे इस्राएली लोकांचा इतिहास आहे, म्हणजे राजे, लढाया, पराभव. त्यानंतर कविता आणि शहाणपणाच्या गोष्टी. १५० स्तोत्रं इथे आहेत, आणि चांगल्या माणसाच्या वाट्याला दुःख का येतं असं देवालाच विचारणारा ईयोबही इथेच आहे. शेवटी संदेष्टे, राजाला तोंडावर सुनावणारे लोक. नव्या करारात आधी येशूच्या आयुष्याची चार शुभवर्तमानं, मत्तय, मार्क, लूक आणि योहान. मग प्रेषितांची कृत्ये, म्हणजे सुरुवातीच्या मंडळ्यांची हकिगत. मग २१ पत्रं. आणि शेवटी प्रकटीकरण.

इथे एक मजेशीर गोष्ट. ही मांडणी काळाप्रमाणे नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते पौलाची पत्रं सगळ्यात आधी लिहिली गेली, साधारण इसवी सन ५० च्या आसपासपासून. शुभवर्तमानं त्यानंतरची, मार्कचं सुमारे ७० चं. म्हणजे फोल्डरमधल्या फाइली तारखेप्रमाणे न लावता प्रकाराप्रमाणे लावल्या आहेत. पौलाची पत्रं तर ढोबळमानाने लांबीप्रमाणे लावलेली आहेत, मोठी आधी आणि छोटी नंतर. मुलं म्हणाली, "हे कोणी ठरवलं?" एका माणसाने, एका दिवसात नाही. कोणती पुस्तकं वाचायची यावर तीनशे वर्षं चर्चा चालली. आज आहेत तीच २७ पुस्तकं असलेली यादी आपल्याला अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने ३६७ साली लिहिलेल्या पत्रात मिळते. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकातले आणि आजचे वचनांचे आकडे सोळाव्या शतकातले. मूळ लिखाणात कुठलेच आकडे नव्हते.

आता उद्देश. इथे मला आपल्या भाषेनेच मदत केली. इंग्रजीत ज्याला 'टेस्टामेंट' म्हणतात तो शब्द आज ऐकला की मृत्युपत्र आठवतं. मराठीत आपण म्हणतो 'करार'. जुना करार, नवा करार. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ हाच आहे, दोन बाजूंनी एकमेकांना दिलेला शब्द. ज्यूंच्या श्रद्धेप्रमाणे देवाने इस्राएलशी करार केला. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे येशूच्या रूपाने तो करार नव्याने आणि सगळ्यांसाठी झाला. दोन्ही वाक्यं फळ्याच्या डाव्या बाजूला गेली. पण करार हा शब्द एकदा कळला की कपाटाचा नकाशा कळतो. नियम म्हणजे कराराच्या अटी, इतिहास म्हणजे त्या कशा पाळल्या आणि मोडल्या त्याची नोंद, स्तोत्रं म्हणजे करारातल्या एका बाजूची हाक, संदेष्टे म्हणजे मोडलेल्या शब्दाची आठवण. आणि ज्यूंसाठी 'जुना' करार जुना नाहीच, तो त्यांचा पूर्ण धर्मग्रंथ आहे, हेही तिथेच सांगितलं.

साष्टीतला वर्ग

आता काकांचा प्रश्न. काका खरंच आले होते, मागच्या बाकावर.

१५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. बहुतेक आयुष्य साष्टीत गेलं. तो आला तेव्हा देवळं पाडून झाली होती, इन्क्विझिशन सुरू झालं होतं. १५५९ चा पोर्तुगीज राजाचा हुकूम होता की हिंदूंची अनाथ मुलं जेझुइटांच्या ताब्यात द्यायची आणि ख्रिस्ती म्हणून वाढवायची. हे वाक्य मी दोनदा वाचून दाखवलं. माझ्यासमोर बसलेल्या मुलांच्या वयाची मुलं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

१५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांचा संयम सुटला आणि त्यांनी पाच जेझुइटांना मारलं. त्यांची प्रेतं परत मिळवण्याच्या खटपटीत स्टीफन्स होता. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेतलं आणि ठार केलं. दोन्ही बाजूंचं रक्त सांडलेलं त्याने जवळून पाहिलं.

आणि या माणसाने काय केलं? तो मराठी शिकला. नुसती बोलण्यापुरती नाही, ओवी लिहिण्याइतकी. १६१६ साली रायतूरच्या छापखान्यात त्याचा ग्रंथ छापला गेला, ज्याला आपण ख्रिस्तपुराण म्हणतो. सुमारे अकरा हजार ओव्या. दोन भाग, पहिलं पुराण आणि दुसरं पुराण. बघा, मांडणी तीच! पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. अध्यायांना नाव 'अवस्वरु'. मराठी, तीत कोंकणीची मिसळ, आणि लिपी रोमन, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. स्वर्गासाठी शब्द वैकुंठ.

पुराणच का? ग्रंथातच उत्तर आहे. पाद्री शिकवत असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आमच्यासाठी दुसरी पुराणं का करत नाही? पुढे गोष्ट चालू असतानाही श्रोत्यांच्या शंका येतात आणि पाद्री उत्तरं देतो. मला वाटतं हा चांगल्या शिक्षकाचा कान आहे. नुसते नियम पाठ करून घेण्यासाठी त्याने वेगळं छोटं प्रश्नोत्तरांचं पुस्तक कोंकणीत लिहिलं होतंच, ते त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापलं गेलं. पण त्याला कळलं होतं की नियमांनी पोट भरत नाही, माणसाला गोष्ट लागते, आणि ती त्याच्या ओळखीच्या चालीत लागते.

इथे माझी खरी अडचण होती. स्टीफन्सचं मराठीवरचं प्रेम खरं आहे. ते वाचताना जाणवतं. पण त्या ब्राह्मणाचा प्रश्न पुन्हा वाचा. "जुनी पुराणं बंद केलीत." ज्या सत्तेने लोकांची पुराणं हिरावली, तिच्याच छायेत हा सुंदर ग्रंथ लिहिला गेला. प्रेम खरं म्हणून जबरदस्ती खोटी होत नाही, आणि जबरदस्ती खरी म्हणून ओवी वाईट होत नाही. मुलांना मी हेच सांगितलं, की दोन्ही गोष्टी एकाच हातात धरायला शिका. एक मुलगी म्हणाली, "दादा, हे अवघड आहे." आहेच.

पुढची हकिगत तर अजून बोलकी आहे. ख्रिस्तपुराण सतराव्या शतकात तीनदा छापलं गेलं, १६१६, १६४९, १६५४. त्या छापील प्रती आज हाती लागत नाहीत. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. म्हणजे ज्या भाषेत स्टीफन्सने जीव ओतला, तीच त्याच्या राज्यकर्त्यांना नकोशी झाली! ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे, ज्यांनी तो गात गात जपला त्या लोकांमुळे. १९०७ मध्ये तो मंगळूरला पुन्हा छापला गेला, आणि १९५६ मध्ये पुण्यात देवनागरीत.

पुण्यातला वर्ग

काकांचा प्रश्न गोव्याचा होता, पण त्यांची काळजी पुण्याचीही जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. विधवा आणि निराधार मुलींसाठी शाळा आणि घर. रमाबाई स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या, पण शाळेत धर्माचा आग्रह करणार नाही असं त्यांनी कबूल केलं होतं. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, आणि काही मुली येऊन बसायच्या.

आता सांगा, उघडं दार म्हणजे मोकळीक की आमंत्रण? १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठलं. केसरीने टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे तिथल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाही. तेव्हा पालकांची भीती अगदी हवेतली नव्हती. आणि दुसरीकडे, काढून नेलेल्या बालविधवांची शाळा सुटली. त्या मुलींना काय हवं होतं, हे विचारणारं कोणी नव्हतं. साष्टीतही नाही, पुण्यातही नाही.

रमाबाईंनी नंतर दौंड तालुक्यात केडगावला मुक्ती सदन उभारलं. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या अनाथ मुली तिथे आल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्ख्या बायबलचं त्यांनी मराठीत भाषांतर केलं, साध्या बायकामुलींना कळेल अशा मराठीत. मराठी बायबल त्याआधीही होतं. विल्यम केरीने नागपूरच्या वैजनाथ पंडितांच्या मदतीने केलेलं मत्तयाचं शुभवर्तमान १८०५ मध्ये छापलं गेलं होतं. पण रमाबाईंचं बायबल केडगावच्या छापखान्यात तिथल्याच बायकामुलींच्या हातांनी छापलं गेलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. ज्यांना अक्षर ओळखूही दिलं जात नव्हतं, त्या मुली एक अख्खं कपाट खिळ्याखिळ्याने जुळवत होत्या. श्रद्धेचं काय ते बाजूला ठेवा, या दृश्यापुढे मी तरी गप्प होतो.

एका पानाचं पत्र

शेवटी मुलांना मी बायबलमधला एक पूर्ण ग्रंथ वाचायला दिला. घाबरू नका, एकच अध्याय, २५ वचनं. पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र. पौल तुरुंगात आहे. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम त्याच्यापासून दुरावून पौलाकडे आला आहे. पौल त्याला परत पाठवतोय, पण मालकाला विनवतोय की याला गुलाम म्हणून नाही, भाऊ म्हणून घे.

मी विचारलं, पौल गुलामगिरीच्या विरोधात आहे की बाजूने? वर्ग दोन गटांत फुटला. एक म्हणे, भाऊ म्हणाला ना! दुसरा म्हणे, मग परत कशाला पाठवला? मग मी सांगितलं की अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीचे समर्थक आणि विरोधक दोघंही हेच पत्र दाखवून भांडत होते. शब्द तेच होते, अर्थ मात्र प्रत्येक जण आपला काढत होता. आणि पुढे काय झालं, अनेसिमला भाऊ म्हणून घेतलं का, हे पत्र सांगत नाही. ते पत्र आहे, गोष्ट नाही. म्हणून मांडणी कळायला हवी. आपण नियम वाचतोय, की गाणं, की कोणाला तरी लिहिलेलं खाजगी पत्र, हे न बघता वाचलं की गोंधळ होतो.

तेवढ्यात कोपऱ्यातली मुलगी बोलली. वर्षभरात पहिल्यांदा आपणहून. "दादा, हे सगळं मला माहीत नव्हतं. आमच्याकडे आजीचं बायबल आहे, ते फक्त कोणी गेलं की उघडतात. त्यातलं स्तोत्र वाचतात. आजीला वाचता येत नव्हतं, तिला पाठ होतं." मग फळ्याकडे बघून म्हणाली, "हे कुठल्या बाजूला लिहिणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते ना नुसती श्रद्धा होतं, ना नुसता इतिहास. ग्रंथ घरात कशासाठी असतो, याचं ते उत्तर होतं, आणि माझ्या दोन रकान्यांत त्याला जागाच नव्हती. मी ते बरोबर मधल्या रेघेवर लिहिलं.

वर्ग सुटल्यावर काका थांबले. मला वाटलं आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, "आमची आजीही असंच एक स्तोत्र म्हणायची. देवीचं. अर्थ विचारला की म्हणायची, म्हणत राहा, कळेल." जरा वेळाने म्हणाले, "मला सगळंच पटलं असं नाही. स्टीफन्सचं कौतुक जास्त केलंत." मी म्हटलं, शक्य आहे. त्यांचा मुलगा पुढच्या शनिवारी आला. दुसऱ्या एका घरातली मुलगी मात्र त्यानंतर आलेली नाही. कारण कोणी सांगितलं नाही, आणि मी फोन केला नाही. करायला हवा होता का, हे अजून डोक्यात आहे.

तुमच्या घरात कुठला ग्रंथ आहे, आणि तो कधी उघडला जातो? जमलं तर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला या आठवड्यात विचारा. आम्ही शनिवारी तेच करणार आहोत, प्रत्येकाने घरी विचारून यायचंय. उत्तरं कुठल्या रकान्यात बसतात ते बघू. भेटू पुढच्या भागात.